पणजीचं नाव आणि साताऱ्याची जीभ

पत्र: ताई, मी मूळची साताऱ्याची. सहा वर्षांपासून गोथेनबर्गला आहे, नवरा इथलाच, स्वीडिश. मला सातवा महिना लागलाय. मुलगा झाला तर 'आर्विद' ठेवायचं, यावर सगळ्यांचं एकमत आहे. ते अरविंदच्या जवळचं वाटतं म्हणून आईलाही चाललं. मुलगी झाली तर मात्र सासूबाईंना त्यांच्या आईचं नाव ठेवायचं आहे, सिग्रिड. आई फोनवर म्हणाली, "हे कसलं नाव, सिगरेटसारखं? गौरी ठेवा." नवरा म्हणतो, तूच ठरव. मी इंटरनेटवर 'स्कॅन्डिनेव्हियन नावं आणि त्यांचे अर्थ' अशा याद्या वाचल्या, तर एकाच नावाचे तीन ठिकाणी तीन अर्थ! लिव्ह, फ्रेया, सागा, तुवा, लिनिया ही नावंही आवडली आहेत. नणंद बारशाला साताऱ्याला यायला तयार आहे. खरे अर्थ काय, आणि मी काय ठेवू?

लेकी,

तुझ्या आईच्या 'सिगरेट'वर रागावू नकोस. तिच्या कानाला ते तसंच लागणार, कारण तू तिला ते नाव इंग्रजीच्या वाटेनं सांगितलंस. पत्रातही 'सिग्रिड' लिहिलं आहेस. तुझ्या सासूबाई कशा म्हणतात ते एकदा नीट ऐक. 'सी' लांब, आणि शेवटी 'दार'मधला द. सीग्रिद. मी बारा वर्षं स्वीडनमधल्याच उप्सालात काढली आणि पहिली दोन वर्षं हीच चूक करत होते. परदेशी नाव म्हटलं की आपण ट आणि ड लावून मोकळे होतो, ती इंग्रजीची सवय. स्वीडिश माणसाचे त आणि द दातांना जीभ लावून निघतात, अगदी आपल्यासारखे. आस्त्रिद, इंग्रिद, सीग्रिद असं म्हणून बघ, नावं लगेच मऊ होतात.

आणखी एक गंमत सांगते. आपले ट, ड, ण, ष त्यांच्याकडेही आहेत, पण लिहिताना दिसत नाहीत. 'र'च्या मागोमाग त, द, न किंवा स आला की दोन्ही एकमेकांत विरघळतात आणि जीभ वर वळते. लार्स हे नाव बोलताना 'लाष' होतं, ब्यर्नच्या शेवटी आपला ण ऐकू येतो, आणि मेर्ता नावाच्या आजीला सगळे 'मॅट्टा' म्हणतात. दक्षिणेला स्कोनेच्या बाजूला असं होत नाही, पण तुझ्या गोथेनबर्गात होतं. लंडनच्या माणसाला जन्मभर न साधणारा तो ण तुझी आई पहिल्या फटक्यात म्हणेल. तेव्हा 'आईला उच्चारता येणार नाही' ही काळजी तू मनातून काढून टाक.

आता अर्थाचं. त्या याद्यांनी तुझा गोंधळ केला, कारण तिथे प्रत्येक नावाचं एक वाक्य करून दिलेलं असतं: 'सुंदर विजय', 'दैवी सौंदर्य' वगैरे. जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे स्वीडिश-नॉर्वेजियनच्या आजीच्या भाषेत, नावं अशी घडतच नव्हती. ती दोन तुकडे जोडून व्हायची. पुढे लावायचे तुकडे ठरलेले, मागे लावायचेही ठरलेले. सिग म्हणजे विजय, आस म्हणजे देव, इंग हे एका देवाचं नाव, थोर हा गडगडाटाचा देव, तो तर तुला ठाऊकच आहे. मागे रिद, रुन, हिल्द, बोर्ग, स्तेन. त्यातला रिद म्हणजे मुळात 'फ्रीद', सुंदर. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नावांतला एक तुकडा घ्यायचा, दुसरा दुसऱ्या नावातून घ्यायचा, आणि बाळाला नवं नाव तयार. दोन्ही मिळून काही अर्थ निघालाच पाहिजे असा आग्रह नसे. याचा पुरावा हवा असेल तर 'गुनहिल्द' हे नाव बघ. गुन म्हणजे युद्ध आणि हिल्द म्हणजेही युद्ध. नॉर्वेत तेच उलटं करून 'हिल्देगुन' असंही ठेवतात. युद्धयुद्ध असं नाव कुणी अर्थासाठी ठेवेल का? आपल्याकडे शिवराम, सीताराम, रामकृष्ण आहेत ना, तसंच हे. शिवरामचा अर्थ काय असं कुणी विचारत नाही. दोन पूज्य नावं एकत्र आली, एवढं पुरतं.

म्हणून सीग्रिद म्हणजे सिग आणि फ्रीद, विजय आणि सुंदर, एवढंच खात्रीनं सांगता येतं. पण तुझ्या आईला सांगण्यासारखी खरी गोष्ट याच्या आत दडलेली आहे. नॉर्स आणि संस्कृत या एकाच मोठ्या कुळातल्या भाषा. त्यांच्या 'सिग'चं मूळ आणि आपल्या 'सहस्'चं मूळ एक आहे. सहस् म्हणजे बळ, दुसऱ्यावर मात करणारी शक्ती. ऋग्वेदात अग्नीला 'सहसः सूनुः', बळाचा पुत्र, म्हटलंय तो हा शब्द. आणि त्यांचा 'फ्रीद' आपल्या 'प्रीत'चा भाऊ आहे. आधी 'आवडतं', मग 'देखणं' असा तिकडे अर्थ सरकत गेला. सीग्रिदचा अर्थ 'प्रीती' असं मात्र कुणाला सांगू नकोस, ती पुन्हा यादीवाल्यांचीच चूक होईल. पण ज्या दोन मुळांतून ते नाव उगवलं ती दोन्ही मुळं तुझ्या आईच्या भाषेतही जिवंत आहेत, हे बेलाशक सांग.

राहिली गोष्ट माणसाची, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी. तिकडच्या राजांच्या कथा तेराव्या शतकात स्नोरी स्टुर्लुसननं लिहून ठेवल्या आहेत. त्यात नॉर्वेच्या ओलाव राजाच्या घरी एका रात्री मूल जन्मतं. इतकं अशक्त, की सकाळपर्यंत जगेल याची खात्री नाही. बाप्तिस्मा ताबडतोब करायला हवा आणि त्यासाठी नाव हवं. राजा झोपलेला, आणि त्याला उठवायची कुणाची छाती नाही. शेवटी सिगवात नावाचा दरबारी कवी पुढे होतो आणि सांगतो, मॅग्नुस ठेवा. सकाळी राजा खवळतो, असलं नाव आमच्या कुळात आहे का? सिगवात म्हणतो, मला माहीत असलेल्या जगातल्या सगळ्यात थोर माणसाचं ठेवलं, कार्ला-मॅग्नुसचं. म्हणजे युरोपचा सम्राट शार्लमेन. राजाचा राग शांत होतो. आता 'मॅग्नुस' हे त्या सम्राटाचं नाव नव्हतंच. तो लॅटिन शब्द, अर्थ 'मोठा', मागे लावलेली पदवी. पण ते मूल जगलं, १०३५ ते १०४७ नॉर्वेचा राजा झालं, लोकांनी त्याला 'चांगला मॅग्नुस' म्हटलं, आणि तेव्हापासून आजपर्यंत तिकडे घरोघरी मॅग्नुस आहेत. बाप आपल्या मुलाला मॅग्नुस म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात लॅटिन शब्दकोश नसतो, मॅग्नुस नावाचा कुणीतरी माणूस असतो.

तुझ्या सासूबाईंचंही तेच आहे. त्यांना विजयही नकोय आणि सौंदर्यही नकोय, त्यांना आई हवी आहे. तिकडे खेड्यापाड्यांत पिढ्यान् पिढ्या रीतच होती की पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, पहिल्या मुलीला आजीचं. आपल्याकडे काय वेगळं होतं? नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं, आणि सुनेनं सासऱ्याचं नाव उच्चारायचं नाही, म्हणून त्या पोराला जन्मभर बाळ, बापू, आबा म्हणायचं. हे तुझ्या आईला दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नाही. फक्त तिच्यापुढे 'सिग्रिड' हा एक शब्द न ठेवता 'सासूबाईंना त्यांच्या आईचं नाव ठेवायचंय' हे पूर्ण वाक्य ठेव.

नाव जुनाट वाटेल का, अशी शंका असेल तर तीही काढून टाक. स्वीडनमध्ये म्हणतात की नाव शंभर वर्षांनी परत येतं. आईच्या वयाच्या बायकांचं नाव शिळं वाटतं, आजीचं म्हातारं, पण पणजीचं पुन्हा ताजं. बिरगित्ता, शेश्तिन, गुनिल्ला ही नावं आज कुणी पाळण्यात ठेवत नाही. त्याउलट आस्त्रिद, सीग्रिद, सिग्ने, अल्मा, एल्सा पाळणाघराच्या दारावर दिसतात. आपल्याकडे शकुंतला, सुनंदा अजून थांबल्या आहेत आणि रमा, राधा, सई, मुक्ता कधीच परत आल्या, तसंच.

बाकीची नावं विचारली आहेस, तर त्यांचंही सांगते. लिव्ह म्हणजे जीवन, असं सगळे लिहितात. आजच्या स्वीडिशमध्ये तो अर्थ आहेच, पण मूळ नाव 'ह्लीफ'पासून आलं, म्हणजे आसरा, संरक्षण. मला तो अर्थ जास्त आवडतो. फ्रेया ही प्रेमाची देवी, मांजरांच्या गाडीतून फिरणारी आणि सोन्याची आसवं ढाळणारी. पण तिचं नाव हे खरं तर नावच नाही, नुसती पदवी आहे, स्वामिनी, बाई. सागा म्हणजे त्यांच्या बोलीत गोष्ट, परीकथा, आणि त्या नावाची एक देवीही आहे. रोमन लिपीतून वाचून साताऱ्यात तिला कुणी 'सगा' म्हणेल, पण त्यात वावगं काही नाही, सगीच आहे की. तुवा हे थोर देवाच्या नावावरून झालेल्या एका जोडनावाचं लाडकं रूप मानतात. आज तुवा म्हणजे गवताचा झुबका, म्हणून काही याद्यांत 'हिरवळ' असा अर्थ दिसतो.

लिनियासाठी मात्र थोडं थांबते. अठराव्या शतकात सगळ्या झाडाप्राण्यांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं देण्याची पद्धत ज्यानं रूढ केली, तो कार्ल लिनियस उप्सालात प्राध्यापक होता. त्याच्या वडिलांना शिकायला जाताना आडनाव हवं होतं, तेव्हा त्यांनी घराच्या जमिनीवरच्या एका मोठ्या लिंड झाडावरून लिनियस हे घेतलं. पुढे मुलाला जंगलात जमिनीलगत पसरणारं, एका देठावर दोन फिकट गुलाबी घंटा लोंबणारं एक फूल फार आवडायचं. त्या फुलाला त्याचं नाव मिळालं, आणि फुलावरून मुलींना. झाडावरून माणूस, माणसावरून फूल, फुलावरून मुलगी. जूनच्या शेवटी उप्सालाच्या रानात ते फूल पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी गुडघ्यांवर बसले होते, इतकं ते खाली आणि इवलंसं असतं. दुसरं नाव म्हणून लिनिया कुठल्याही नावामागे गोड लागतं.

आणि याद्यांमधलं सगळंच 'स्कॅन्डिनेव्हियन' नॉर्स असतं असं समजू नकोस. लार्स हा लॉरेन्शियस, नील्स हा निकोलस, कारिन ही कॅथरिना. ही सगळी चर्चबरोबर आली. आयनोसारखी फिनिश नावंही त्यातच कोंबलेली असतात आणि फिनिश तर वेगळ्याच कुळातली भाषा.

नाव दोन देशांत वापरायचं आहे म्हणून दोन्ही बाजूंचे कान तपासून घे. नॉर्वेत एका पिढीतल्या कितीतरी बायकांचं नाव रान्दी आहे, चांगल्या घरच्या, मानाच्या बायका. आपल्याकडे ती शिवी. दाग हे मुलाचं नाव, अर्थ 'दिवस', पण मराठी कानाला डाग. आस्ता आस्त्रिदचंच लहान रूप, आपल्याकडे अस्त. ईदा किती साधं नाव, पण लिहिलेलं वाचून आपली आजी 'इडापिडा' म्हणेल. उलट बाजूनंही हेच. 'फूल' हा शब्द स्वीडिश माणसाच्या कानावर पडला तर त्याला 'कुरूप' ऐकू येतं, म्हणून फुला, फुलवा नको.

माझी स्वतःची लेक लीला. पाळणाघरात पहिल्याच दिवशी तिच्या कोटाच्या खुंटीवर बाईंनी जांभळ्या कागदाचं फुलपाखरू चिकटवलं होतं. मला वाटलं, उगाच रंग निवडला असेल. मग मुलं तिच्यासाठी जांभळे खडू शोधून आणून द्यायला लागली. तेव्हा कळलं की त्यांच्या भाषेत लीला म्हणजे जांभळा रंग. मी घरी येऊन थोडी रडले, कृष्णाची लीला कुठे आणि खडू कुठे. पण तिला ते इतकं आवडलं की आज तेवीस वर्षांची झाली तरी तिची सायकल जांभळीच आहे. नावाचा एक अर्थ आपण देतो आणि एक ते मूल जिथे वाढतं तिथली पोरं देतात.

यावरून आठवलं, एक नाव दोन्हीकडे तंतोतंत बसतं: माया. तिकडे ते मारियाचं लाडकं रूप, पण 'जे' घालून लिहितात. स्वीडनमध्ये 'जे'चा उच्चार य. भारतात मात्र तिकीट तपासणारा 'मजा' वाचेल. सीग्रिद तुझ्या मनात बसलंच नाही तर हे ध्यानात ठेव.

पण मला वाटतं ते बसेल. आता व्यवहाराचं. स्वीडनमध्ये मुलाचं नाव तीन महिन्यांच्या आत नोंदवायचं असतं, तेही कर खात्याकडे, कारण जन्मनोंदी तेच सांभाळतात. म्हणजे बारशानंतरही हाताशी वेळ आहे. एकापेक्षा जास्त नावं नोंदवता येतात, बहुतेकांना दोन-तीन असतातच, आणि त्यातलं एक हाकेचं म्हणून ठरवतात. आपल्याकडेही शास्त्राप्रमाणे बाळाला नक्षत्राचं, महिन्याचं, देवतेचं आणि व्यवहाराचं अशी चार नावं असतात. तेव्हा 'सीग्रिद की गौरी' हा प्रश्न तुझ्या आईच्या शास्त्रातही नाही आणि सासूबाईंच्या कायद्यातही नाही. सीग्रिद गौरी असं नोंदव. हाकेचं सीग्रिद. ज्या गावात ती शाळेला जाणार तिथलं पहिलं, आणि पाठीशी साताऱ्याच्या आजीनं सुचवलेलं. गौरी स्वीडिश जिभेवर अडत नाही. किरण किंवा कीर्ती असतं तर वाचणारा क्षणभर 'श'कडे वळला असता, कारण इ-ईच्या आधी त्यांचा क तसा बदलतो. दोन्ही नावांत डोक्यावर टिंबं किंवा वर्तुळं असलेली अक्षरं नाहीत, त्यामुळे पासपोर्टच्या खालच्या ओळीत एक आणि वर दुसरंच स्पेलिंग हा घोळही टळला. रोमन स्पेलिंग आजच ठरव आणि सगळीकडे तेच ठेव.

सीग्रिदला 'सीरी' म्हणायची तिथे जुनी रीत आहे आणि मराठी कानाला ते 'श्री'जवळचं लागतं. एरवी मी आनंदानं सुचवलं असतं. पण त्या नावानं हाक मारली की खोलीतले फोन उत्तर देतात, लेकराला ते रोज नको. लाडाचं नाव तू ठरवूच नकोस. ते तुझ्या आईवर सोड. मला पक्कं वाटतं, आठवड्याभरात 'सिगू' होईल.

नणंदेला मात्र जरूर आण. स्वीडिशमध्ये वडिलांच्या बहिणीला 'फास्तेर' आणि आईच्या बहिणीला 'मुस्तेर' असे वेगळे शब्द आहेत, काका आणि मामाही वेगळे, इंग्रजीसारखं सगळ्यांना एकाच शब्दात बसवत नाहीत. ती आत्या आहे हे तिला तिच्याच भाषेत कळतं. बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगायचा मान तिचाच, हे तिला आधी समजावून सांग, आणि 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणताना बाळ पाळण्याखालून कुणाच्या हातात द्यायचं तेही दाखव. आपल्या आजीचं नाव ती साताऱ्यात भाचीच्या कानात सांगेल.

त्याआधी एक काम कर. या रविवारी सासूबाईंकडे जा आणि त्यांची आई कशी होती ते विचार. कुठे राहायची, काय शिजवायची, रागावली की काय म्हणायची. एखादा फोटो असेल तर मागून घे आणि आईला पाठव. खाली मराठीत लिही, दार मधला द घालून: सीग्रिद.

तुझी,
ताई